परसातल्या भट्टीचा तळ

॥ श्री ॥

तिसगाव,
ता. १२ नोव्हेंबर १९७३

चि. राधाकृष्ण यास आजी भागिरथीचे अनेक उत्तम आशीर्वाद. इकडची सगळी मंडळी, म्हणजे मी, भीमा गडी आणि तांबडी शेळी, खुशाल आहोत. तुझी खुशाली तू कळवत नाहीस, तेव्हा ती आहे असं धरून चालले आहे.

हे पत्र मी सांगते आहे आणि शेजारच्या आप्पासाहेबांची सून मालन लिहिते आहे. ती सातवी पास आहे, म्हणून माझं बोलणं धुऊन वाळवून कागदावर घालते. मी लई म्हणाले की ती फार करते. तिला सांगितलंय, एखादं राहू दे बाई, नाहीतर पोराला वाटेल आजी बदलून आली.

दिवाळीत तू परसात उभा राहिलास आणि दोन्ही हात लांब करून दाखवलंस, की गोठ्याच्या भिंतीपासून शेवग्यापर्यंत भट्टी बसेल आणि तिचं तोंड उगवतीला ठेवू. गुढीपाडव्याला भिंगारच्या बेकरीतलं काम सोडतो, घरी येतो आणि इथंच पावाची भट्टी घालतो, असं तू तोंडाने म्हणालास. मी ते दुसऱ्या दिवशी गावभर केलं. आता तुला मागं फिरता यायचं न्हाई. स्टँडवरचा हॉटेलवाला पुंजाराम तर रोज विचारतो. त्याच्याकडे नगरहून एस्टीने पाव येतो, तो चहात बुडवला की चहा शिळा होतो.

तुझे आईबाप गेले तेव्हा तू आणि चांगुणा माझ्या पदरात आलात. चांगुणा नगरला दिली, ती परक्या घरची झाली, ते रीतीला धरून झालं. तू पोटासाठी गेलास. आता पोट इकडे आणणार असशील, तर मी म्हणते, या घरात दोन ताटं पुन्हा मांडली जातील आणि मला भीमाशी भांडण्यापेक्षा बरं माणूस भांडायला मिळेल.

शेवगा तोडला. तू म्हणालास की मुळ्या वाढून तळ उचलतात. शेंगा आलेलं झाड तोडताना भीमाचा हात चालेना, तेव्हा मीच दोन घाव घातले. बाकी काय काय जमवायचं ते कळव. आणि मालकाला सोडतोय म्हणून सांगितलंस का, तेही कळव.

मालनचा तुला नमस्कार. आमच्यावर जीव असू दे, नसला तरी पत्र टाकायला एक हात तरी असू दे.

तुझी आजी,
भागिरथी

•

श्री

भिंगार, अहमदनगर,
ता. २८ नोव्हेंबर १९७३

तीर्थरूप आजीच्या पायांवर राधाकृष्णाचं डोकं. तुझं पत्र पोचलं. मी बरा आहे. काम फार आहे, म्हणून उशीर झाला, रागावू नकोस.

तू सामान विचारलंस. आजी, भट्टीत सगळ्यात मोठं काम तळाचं. वरचा घुमट कधी ढासळला तर पुन्हा चढवता येतो, पण तळ बसला तर सगळी भट्टी मोडून काढावी लागते. माणसं वरची आग बघतात, पण पाव भाजतो तो तळच. आमचे उस्ताद सांगतात, आधी खडी ठोकून घ्यायची. तिच्यावर फुटक्या काचा आणि खडे मीठ यांचा थर द्यायचा, म्हणजे ऊब जमिनीत मुरत नाही, वर राहते. त्यावर चाळलेली वाळू, अगदी सपाट. आणि वाळूवर बॉयलरच्या पिवळ्या विटा, कोरड्याच. मध्ये माती नाही, चुना नाही, कारण तापल्यावर विटा फुगतात, त्यांना हलायला जागा हवी. पण लावायच्या अशा घट्ट की सुरीचं पातं जाऊ नये. आणि रांगा तिरक्या ठेवायच्या, म्हणजे पाव सारायची लांब फळी कडांना अडकत नाही.

जालिंदरकाका दिवाळीत म्हणत होते, की एका साखर कारखान्याचा जुना बॉयलर मोडला आहे आणि त्याच्या विटा त्यांना मिळतील. तशा विटा इकडे मिळत नाहीत. काकांना सांगून त्या तेवढ्या आणवून ठेव. कोरड्या जागी रचून ठेव, पावसाळी हवा लागू देऊ नकोस.

बाकीची घाई करू नकोस. मालकाशी बोलायचं आहे, बघू. जागेचंही मी आलो की बघू. तू उन्हात राबू नकोस. शेवगा तोडायला नको होतास.

पत्रातून दिसत नसलो तरी मनातून दूर करू नकोस, एवढं मागणं.

तुझा,
राधाकृष्ण

•

॥ श्री ॥

तिसगाव,
ता. २० जानेवारी १९७४

सौ. चांगुणा हिला आजीचे आशीर्वाद आणि तीळगूळ. तीळगूळ कागदात बांधून यासोबत पाठवते आहे. जावईबापूंना दे, थोडा तूही खा. गोड बोल असं मी तुला सांगणार नाही, तुझं तोंड तुझ्या बापाचं आहे.

या पत्रातलं तुझ्या भावाला सांगशील तर तुला माझी शपथ आहे. मालनलाही घातली आहे. तिच्या पोटात गोष्ट ठरत नाही, पण तिच्या सासूचा धाक आहे.

राधाकृष्णाची भट्टी आहे ना, तिचा तळ मी घातला. त्याने पत्रात सगळं सांगितलं होतं, मालनने तीन वेळा वाचून दाखवलं, जालिंदरने बॉयलरच्या विटाही आणून टाकल्या, आणि मला वाटलं, रचून ठेवायच्या विटा आहेत तर त्या लावूनच ठेवू. रचायला जेवढे हात लागतात तेवढेच लावायला लागतात. मग खडी मी आणि भीमाने खळं ठोकतात तशी ठोकली. मीठ बाजारातून आलं. काचा गावात कुठून मिळणार, तर कासारणीकडे गेले. तिच्याकडे फुटक्या बांगड्यांची पाटी भरलेली होती. हिरव्या, लाल, सोनेरी टिकल्यांच्या. आळीतल्या बाया म्हणाल्या, फुटक्या बांगड्या घरात आणू नयेत. मी म्हणाले, माझ्या फुटून जमाना झाला, आता मला कशाची भीती. संक्रांतीच्या दिवशी त्या मिठात मिसळून पसरल्या, तेव्हा परस असं दिसायला लागलं की शेळीसुद्धा बघत उभी राहिली.

सपाट झालंय का ते बघायला राधाकृष्णाने काही सांगितलं नव्हतं. मी परातीत काठोकाठ पाणी भरून वाळूवर ठेवली. पाणी ज्या अंगाला सांडे त्या अंगाला मूठभर वाळू. चार ठिकाणी ठेवली, मधोमध ठेवली, शेवटी परात तशीच भरलेली उचलली. विटा भीमाने आणून दिल्या, मी लावल्या, तिरक्या, तो म्हणाला तशा. कडेच्या तुकड्यांनी पाच बोटांची सालं काढली. मालनने डोक्यातला आकडा काढून दोन विटांच्या मध्ये घालून पाहिला, गेला नाही.

एक चूक झाली, ती फक्त तुला सांगते. काम झाल्यावर मी तळ शेणाने सारवला. घरातली जमीन उघडी ठेवायची सवय न्हाई, हात आपोआपच गेला. मग मालनने पत्र पुन्हा वाचलं आणि म्हणाली, यात शेणाचं कुठं नाही, आणि यावर पाव ठेवला तर तो खाणार कोण. मग नारळाच्या चोथ्याने सगळा तळ घासून काढला. भीमा हसून हसून गोठ्यात जाऊन बसला.

त्याच्या पत्रात बघू हा शब्द हल्ली फार येतो. मालकाशी बघू, जागेचं बघू. म्हणून ही घाई केली. पाडव्याला येईल, परसात जाईल, तर समोर तळ तयार. मग बघू म्हणायला काही शिल्लक राहणार नाही. त्याचं तोंड कसं होईल ते बघायला तूही ये.

माहेर विसरू नकोस, विसरलीस तरी शपथ विसरू नकोस.

तुझी आजी,
भागिरथी

•

नगर,
ता. २९ जानेवारी १९७४

चि. राधाकृष्णास चांगुणाताईचे आशीर्वाद. एका गावात राहून तू माझं तोंड चुकवतोस, म्हणून पत्र लिहावं लागतं आहे. दोनदा निरोप पाठवला, तू नागापूरला गेलास असं कळलं. तू सारखा नागापूरलाच असतोस हे मला माहीत आहे.

नोव्हेंबरात तू मला गावाबाहेर नागापूरला, तुझ्या नव्या भट्टीच्या शेडवर घेऊन गेलास, आईच्या जागी बहीण म्हणून पहिली कुदळ माझ्या हातून मारून घेतलीस. तुझा भागीदार गोरक्ष पेढे वाटत होता. मी विचारलं, तिसगावच्या भट्टीचं काय. तू म्हणालास, आजीला सवडीने सांगतो, तोवर तू बोलू नकोस. मी बोलले नाही. तो माझा दोष मी पदरात घेते. पण दोन महिने झाले, तुझी सवड झाली नाही.

मला आजीचं पत्र आलं आहे. त्यात काय आहे ते सांगता येत नाही, शपथ आहे. ते वाचल्यापासून मला घास गोड लागत नाही. तू स्वतः तिसगावला जा. टपालाने सांगू नकोस, समोर बसून सांग. लगेच जा, पाडव्याची वाट बघू नकोस. आणि एवढं ऐक, त्या पिवळ्या विटा आजीकडून मागू नकोस. का ते विचारू नकोस. नव्या आण, उशीर झाला तर होऊ दे, पण त्या मागू नकोस.

तुझे मेहुणे म्हणतात की तू लबाड नाहीस, भित्रा आहेस.

भावाची माया आहे तशी राहो, आता तिच्यावर भार फार टाकू नकोस.

तुझी ताई,
चांगुणा

•

॥ श्री ॥

तिसगाव,
ता. १५ फेब्रुवारी १९७४

रा. रा. राधाकृष्णराव यांस भागिरथीबाईचे आशीर्वाद.

मालन म्हणते, नातवाला असं लिहीत नाहीत, चि. लिहितात. मी तिला म्हणाले, तू मी सांगते तसं लिही. ती म्हणाली, निदान ‘तू’ तरी म्हणा. मी म्हणाले, ज्याच्या घरचं आपल्याला काही ठाऊक नाही त्याला अहो म्हणायची रीत आहे. आशीर्वाद तेवढे राहू दिले, ते काढून घेता येत नाहीत.

बाजाराच्या दिवशी तुमचा टेम्पो आला. गोरक्ष नावाचे तुमचे भागीदार उतरले. गुणाचा माणूस आहे, वाकून पाया पडला. म्हणाला, विटा न्यायला आलो. मी विचारलं, कुठं न्यायच्या. तो म्हणाला, नागापूरला, आपल्या भट्टीला. त्याला वाटलं मला सगळं माहीत आहे. मग तो ओट्यावर बसून घरच्या माणसाला सांगावं तसं सांगत राहिला. शेड झाली, चौथरा झाला, भिंती कमरेपर्यंत आल्या. कारखान्यांच्या कँटीनला पाव द्यायचं ठरलं आहे, पाडव्यापासून. राहायला मागे दोन खोल्या आहेत. खडी झाली, काच झाली, मीठ झालं, आता फक्त विटा राहिल्या. मीठ कधी टाकलं असं मी विचारलं, तर संक्रांतीला, म्हणाला.

संक्रांतीला मीही इकडे मीठच पसरत होते.

कुदळ कोणाच्या हाताने मारली तेही त्याने सांगितलं. ताईंनी, म्हणाला. म्हणून चांगुणेला मी पत्र लिहिणार नाही. तिला माझं सगळं आधीच माहीत असतं.

मी त्याला चहा दिला आणि मग परसात नेलं. तुम्ही त्याला सांगितलं असेल की विटा गोठ्यात रचून ठेवल्या आहेत. त्याने तळ पाहिला आणि चपला काढून बाजूला ठेवल्या. खाली बसून विटांवरून हात फिरवला. मला विचारलं, आजी, हे कोणी केलं. मी म्हणाले, घरचा एक पोरगा परत यायचा होता, त्याच्यासाठी करून ठेवलं. त्याने चपला घातल्या. रिकामा टेम्पो घेऊन गेला. जाताना डाळीची पिशवी दिली ती नको म्हणत होता, मी ठेवायला लावली. पाहुण्याला रिकाम्या हाताने घालवत नाहीत.

तुम्ही नगरला भट्टी घातली याचा मला राग नाही. माणूस जिथं पाव विकेल तिथं भट्टी घालील. तुम्ही मला समोर बसून सांगितलं असतं, तर मी दोन दिवस तोंड फिरवून बसले असते आणि तिसऱ्या दिवशी तुमच्या सामानाचं गाठोडं बांधलं असतं. मला एवढंच कळवा. दिवाळीत तुम्ही माझ्या परसात उभं राहून हात लांब केलेत, तेव्हा नागापूरची जागा ठरली होती की नव्हती. खरं लिहा. मालन जसंच्या तसं वाचते.

पुंजाराम आजही विचारत होता. त्याला मी म्हणाले, माझी ऐकायची चूक झाली.

लोभाचं तुम्ही बघा.

भागिरथीबाई

•

नागापूर,
ता. २० फेब्रुवारी १९७४

तीर्थरूप आजीस राधाकृष्णाचा साष्टांग नमस्कार.

ठरली होती. दसऱ्याला ठरली होती.

आजी, मी दिवाळीत सांगायलाच आलो होतो. एस्टीत सगळं जुळवून ठेवलं होतं. पण मी उंबऱ्यात पाय ठेवला आणि तू लगेच विचारलंस की या खेपेला किती दिवस, आणि मी म्हणालो, चार, तर तू उठून चुलीकडे गेलीस. मला ते सोसवेना. दुसऱ्या दिवशी परसात तुला बरं वाटावं म्हणून मी ते बोलून गेलो. एकदा बोललो आणि तुझा चेहरा असा झाला की मग मागे घेता येईना. वाटलं, हळूहळू उतरवू. तू शेवगा तोडशील असं वाटलं नव्हतं. तळ घालशील असं तर स्वप्नातही नव्हतं. मी तसं लिहिलं होतं का कुठे, ते माझी पत्रं आठवून बघतो आहे. मी फक्त रचून ठेव म्हणालो होतो.

तिसगावात रोजचे पाव किती खपतील, तू सांग. इथे तीन पाळ्यांत माणसं काम करतात. आयुष्यात एकदा असं काम मिळतं. मागच्या खोलीत खिडकी आहे, ती तुझ्यासाठीच ठेवली आहे. तू इकडे ये, असं मी सांगणारच होतो.

विटा राहू देत. मी काही मागत नाही. गोरक्ष म्हणतो की त्या तळाला हात लावणार नाही, तू जाणे आणि तुझी आजी जाणे. नव्या विटा लांबून मागवाव्या लागतात, पाडव्याच्या आत येत नाहीत, आणि पाडव्याला पाव गेला नाही तर कँटीनवाले दुसरा बघतील. पण ते माझं मी बघेन. तू राहू दे.

आजी, मला शिव्या दे, पण अहो म्हणू नकोस. मालनवहिनी, तुम्ही तरी तिथे तू लिहा.

पायांशी जागा असू दे.

तुझा,
राधाकृष्ण

•

॥ श्री ॥

तिसगाव,
ता. २६ फेब्रुवारी १९७४

रा. रा. राधाकृष्णराव यांस आशीर्वाद.

खरं लिहिलंत, बरं केलंत. मालनने ते वाक्य दोनदा वाचलं, मी एकदाच सांगितलं होतं.

माझा चेहरा बघवला नाही म्हणून तुम्ही खोटं बोललात, असं दिसतंय. म्हणजे दोष चेहऱ्याचा. तो आता या वयात बदलता येत नाही.

विटा राहू देत असं लिहून खाली त्या नसल्या तर काय काय अडतं तेही तुम्ही लिहिलंत. लहानपणीही तुम्ही असंच मागायचात. लाडू नको म्हणायचात आणि डब्यापाशी उभे राहायचात. विटा घेऊन जा. माझ्या परसात त्या काय कामाच्या, शेळी त्यांच्यावर उभी राहून माज करते.

पण टेम्पोवाल्याच्या हाती देणार नाही, गोरक्षलाही देणार नाही. तुम्ही स्वतः या. बाजाराच्या दिवशी या, सकाळच्या उन्हात, पुढच्या दाराने. जो तळ मी लावला तो तुम्ही तुमच्या हाताने उचला. भीमा मदत करणार नाही, त्याला मी शेतावर पाठवणार आहे. लोक विचारतील, त्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवून या. मी सांगून दमले.

खिडकीची खोली तुमच्या संसाराला ठेवा.

या, एवढंच लिहिते, बाकी जुळत नाही.

भागिरथीबाई

•

नागापूर,
ता. ८ मार्च १९७४

ताईस राधाकृष्णाचा नमस्कार. तुझं ऐकलं असतं तर बरं झालं असतं. तू विटा मागू नकोस म्हणालीस ते का, ते काल पुरतं कळलं.

काल तिसगावला जाऊन आलो. बाजाराचा दिवस होता. टेम्पो दारात लावला तेव्हा पुंजाराम, त्याची लंकाबाई, आप्पासाहेब, सगळे येऊन उभे होते. पुंजारामने भट्टीचं विचारलं. मी सांगितलं की भट्टी नागापूरला आहे, पहिल्यापासून तिकडेच होती, आजी खोटं बोलली नाही, मी बोललो. आजी दारात होती. तिने आत बोलावलं, या म्हणाली. हातपाय धुवायला स्वतः पाणी दिलं, टॉवेल धरून उभी राहिली. बसायला पाट मांडला, पाटाभोवती रांगोळीची रेघ ओढलेली होती. ताई, मी त्या घरात चुलीपुढे मांडी घालून खाल्लेलं आहे, तव्यावरची भाकरी हाताने उचलून. काल मला तिने पाटावर बसवून पुरणपोळी वाढली, आग्रह केला, संकोच करू नका म्हणाली. राग कुठेच नव्हता. तो असता तर मी पाय धरले असते. पाहुण्याने पाय कसे धरायचे ते मला कळेना.

मग परसात गेलो. मी भिंगारला चार तळ घालताना हाताखाली होतो. असा एकही पाहिला नाही. पाणसळ नेली होती ती ठेवली, तिचा बुडबुडा मधोमध राहिला, हलला नाही. विटा उचलायला घेतल्या तर पहिली वीट निघेना. पहार घालायला फट नव्हती. सुरी घातली, पातं वाकलं. कडेने बघावं तर कडेलाही तिने तुकडे ठोकून आवळलेले. आजी मागे उभी होती, तिला माहीत होतं. शेवटी ती म्हणाली, एक फोडल्याशिवाय बाकीच्या सुटायच्या नाहीत, फोडा. मी म्हणालो, राहू दे, मी जातो. ती म्हणाली, आलात तर काम करून जा.

मी हातोडा मारला. मधली वीट होती. ती फुटल्यावर बाकीच्या एकेक सहज निघाल्या, जणू त्या धरून बसल्याच नव्हत्या. खाली वाळू होती, वाळू सरकली तिथे सगळ्या बांगड्या. मी टेम्पो भरेपर्यंत ती तिथेच होती. फुटक्या विटेचे तुकडे तिने वेचून बाजूला ठेवले, म्हणाली, परसात पायाला लागतील.

आज विटा इकडे लावल्या. एका विटेची जागा उरली, तिथे कडेचे दोन तुकडे जोडून बसवावे लागणार. गोरक्ष म्हणाला, चालतं, कोणाला कळत नाही.

पाडव्याला पहिली आग आजीच्या हाताने लावायची आहे, असं मी तिला निघताना म्हणालो. ती म्हणाली, कळवते. ताई, तू तिला घेऊन ये. तुझ्यावरही ती रुसली आहे हे माहीत आहे, पण तू बाईमाणूस आहेस, तुला बोलता येईल.

मेहुण्यांना सांग, ते म्हणाले ते बरोबर आहे.

भाऊ म्हणून अजून मोज,
राधाकृष्ण

•

॥ श्री ॥

तिसगाव,
ता. २९ मार्च १९७४

रा. रा. राधाकृष्णराव यांस भागिरथीबाईचे अनेक आशीर्वाद. इकडे ऊन वाढलं आहे. तुमच्याकडे तर आगीपुढे काम, जपून असावं.

पाडव्याला चांगुणा न्यायला आली होती. रडली, भांडली, पुन्हा रडली. तिला मी जेवू घातलं आणि एस्टीत बसवून दिलं. तिच्यावर राग फार दिवस ठेवता येत नाही, ती खोटं बोलली नाही, नुसती गप्प बसली. गप्प बसायला मीच तिला शिकवलं होतं, सासरी जाताना. मी आले नाही ते पाय दुखतात म्हणून नाही. आग लावायला घरचं माणूस लागतं, आणि ते तुम्हाला कुदळीच्या वेळीच मिळालं होतं.

पुंजारामची लंकाबाई म्हणते, ती परसातली जागा आम्हाला द्या, आम्ही एक बारकी भट्टी घालतो, साध्या विटांची का होईना. मी अजून हो म्हणाले नाही. खड्डा बुजवायचा की ठेवायचा ते ठरत नाही. भीमा रोज फावडं घेऊन उभा राहतो, मी रोज त्याला उद्या सांगते.

कंडक्टरच्या हाती तुम्ही पाठवलेला पाव पोचला. पहिल्या भट्टीचा म्हणून फडक्यात बांधून, वर हळदकुंकू लावून दिलात. मी तो उलटा करून पाहिला. खालून सारखा भाजला आहे, कुठं काळा नाही, कुठं पांढरा नाही. तळ चांगला लागला आहे. लोक तुम्हाला नाव देतील.

एक लादी पुंजारामला दिली, एक मालनच्या घरी, एक भीमाच्या पोरांना. सगळे चांगला म्हणाले. मी खाल्ला नाही. मला दात नाहीत, म्हणून खाता आला नाही, असं मालनला लिहायला सांगितलं. मालन म्हणते, काल दुपारी तुम्ही ओट्यावर बसून आख्खा ऊस सोलून खाल्लात, मी स्वतः पाहिलं. मी म्हणाले, तू लिही.

तिने लिहिलं आहे.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

भागिरथीबाई, तिसगावकर